किल्ली कोणी लपवू नका

जानेवारीचा पहिला आठवडा. संध्याकाळचे पावणेसात वाजले होते. कारेलीबागेत बहिणीकडे तिळाच्या वड्या करायला गेले होते, तिथून डबा घेऊन अकोट्याला घरी परत निघाले. उत्तरायण जवळ आलेली, त्यामुळे निम्म्या स्कूटरींवर मांज्यापासून गळा वाचवणारी ती तारेची कमान लागलेली होती. रस्त्याला गर्दी नेहमीसारखीच. माझ्या गाडीचा काटा तीसवर होता. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते वेगामुळे झालं नाही.

समोरून एक मोठी गाडी आली. हल्लीचे ते पांढरे झगझगीत दिवे. ती निघून गेली आणि दोन-तीन सेकंद मला काही म्हणजे काही दिसलं नाही. दिसलं तेव्हा समोर जामफळाची लारी होती, डावीकडून उजवीकडे रस्ता ओलांडणारी. ब्रेक दाबला. गाडी थांबलीही, पण थांबता थांबता बंपर लारीच्या पुढच्या चाकाला लागलाच. लारी कलंडली नाही, जामफळं मात्र रस्ताभर झाली. लारीवाला मागून ढकलत होता. माझ्या बंपरपासून चार-पाच फुटांवर.

तो चिडला नाही. काचेजवळ आला, माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं आणि म्हणाला, "माजी, धीमे चलावो छो तो पण देखातुं नथी?"

दोन कॉलेजची मुलं थांबली, त्यांनी फळं गोळा करून दिली. चेपलेल्या जामफळांचे पैसे मी दिले, तो घेत नव्हता तरी दिले. घरी आले आणि दोन दिवस कोणाला काही बोलले नाही. बंपरवरचा ओरखडा ह्यांना दिसला, तेव्हा "पार्किंगमध्ये लागलं असेल" असं म्हणाले. बासष्टाव्या वर्षी मी गाडीबद्दल खोटं बोलले, ते असं.

खोटं का बोलले, हे नीट सांगायचं तर मला थोडं मागे जावं लागेल.

मी पहिल्यांदा गाडी चालवली ती लुना, १९८० साली. माहेर दांडिया बाजारात, तिथून युनिव्हर्सिटीत जायचं. लुना कितीही पिळली तरी फार धावत नसे, पण अठराव्या वर्षी ती विमानासारखी वाटायची. मैत्रीण मागे बसलेली असली की वेग आपोआप वाढायचा. का, ते तेव्हा कळलं नाही. आता कळतं की बघणारं कोणी असलं की माणूस, विशेषतः त्या वयातला, जरा जास्तच धाडस करतो. धोका तोलणारा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत पिकत असतो, असं आता डॉक्टर सांगतात. आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं. आई फक्त "जपून जा" म्हणायची आणि आम्ही "हो" म्हणून जिन्यावरूनच पळत सुटायचो.

लग्नानंतर कायनेटिक होंडा आली. लेक तीन वर्षांची झाली आणि पुढे फूटबोर्डवर उभी राहायला लागली. तिचे दोन हात हँडलच्या मधे, तिचं डोकं माझ्या हनुवटीखाली. तेव्हा माझी गाडी पंचवीसच्या वर गेली नाही. मी शहाणी झाले नव्हते, पुढे कोण उभं आहे ते दिसत होतं एवढंच. तिला शाळेच्या दारात सोडलं की परत येताना तीच मी, तीच गाडी, आणि काटा पन्नासवर!

मग मारुती आली. चाळिशीत हायवेवर काचा लावून, गाणी लावून चालवायला मला मनापासून आवडायचं. सुरतेला मामेबहिणीकडे जायचं तर भरूचच्या पुलावरची कोंडी सुटली रे सुटली की मी मागचा वेळ भरून काढायला लागायची. वेळ भरून निघायचा नाही, पण भरून काढल्याचं समाधान मिळायचं.

म्हणजे वय वाढलं की वेग आपोआप कमी होतो, हे काही खरं नाही. माझा वेग कमी झाला तो पन्नाशीनंतर, आणि त्याचं श्रेय मी अनुभवाला दिलं. "आम्ही काय कमी चालवली आहे गाडी? आता समज आली," असं मी भाच्याला वरचेवर ऐकवत असे. खरं कारण वेगळं होतं. संध्याकाळी दिसणं कमी झालं होतं आणि माझ्या पायाला ते माझ्याआधी कळलं होतं. पाय ॲक्सिलरेटरवरून निघाला, आणि मी त्याला समजूतदारपणा म्हटलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरायला लागल्याचं सांगितलं. अजून शस्त्रक्रियेइतका पिकलेला नाही, पण दिवा समोर आला की फाकणारा. त्यांनी जे समजावलं ते घरातल्या आजी-आजोबांना समजावता यावं म्हणून इथे लिहिते. अंधारात आपली बाहुली मोठी होते आणि जास्त उजेड आत घेते. वय वाढतं तशी ती पूर्वीइतकी मोठी होत नाही. शिवाय डोळ्यातलं भिंग जाड आणि पिवळसर होत जातं. त्यामुळे विशीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत जेवढा उजेड पोहोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीच्या डोळ्यात पोहोचतो. समोरच्या दिव्याने डोळे दिपले तर सावरायलाही जास्त वेळ लागतो. हे मोतीबिंदू नसलेल्या माणसाचं. माझ्याकडे तर तोही होता.

आणि गंमत बघा, माझ्या लायसनवर मी ठणठणीत आहे. पंचावन्ननंतर लायसनचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं, चाळिशीनंतर डॉक्टरांचं प्रमाणपत्रही जोडावं लागतं. ते सगळं मी २०२२ साली रीतसर केलं होतं. तेव्हा मी खरोखर ठणठणीत होतेही. पण डोळे काही पाच वर्षं थांबत नाहीत.

आता नानांची गोष्ट.

नाना म्हणजे माझे सासरे. त्यांची बजाज चेतक होती. नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांचा रोजचा नेम ठरलेला: दहा वाजता आंघोळ-पूजा उरकून, पिशवीत पुस्तकं घालून, मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जायचं. सयाजीरावांनी १९१० साली उभी केलेली ती लायब्ररी. नानांना तिथल्या काचेच्या जमिनीच्या मजल्यांचं फार कौतुक. येताना सुरसागरच्या कट्ट्यावर मित्रमंडळी, मग बाराला घरी. वीस वर्षं यात खंड नव्हता.

२००५ साली नाना एकोणऐंशी वर्षांचे होते. एक दिवस ट्रॅफिक पोलीस त्यांना घरी घेऊन आला. न्यायमंदिराजवळ नानांनी लाल दिवा ओलांडला होता आणि एक सायकलवाला थोडक्यात वाचला होता. पोलीस चांगला होता, म्हणाला, "काकांना आता चालवू देऊ नका." नाना म्हणत होते, दिवा हिरवाच होता.

त्या रात्री मी, हे आणि दीर असे तिघं बसलो. नानांशी कोण बोलणार? कोणीच तयार नव्हतं. शेवटी ठरलं की स्कूटर दिरांच्या बंगल्यामागे नेऊन ठेवायची आणि नानांना सांगायचं की दुरुस्तीला दिली आहे, सुटा भाग मिळत नाही. ही कल्पना माझी होती. किल्लीही मीच माझ्या कपाटात ठेवली.

पहिले आठ दिवस नाना रोज दहाला तयार होऊन बसायचे. "आला का भाग?" "नाही नाना, मुंबईहून यायचाय." मग विचारणं कमी झालं. दोन महिन्यांनी त्यांनी पुस्तकांची पिशवी ह्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "ही परत करून ये. तारीख उलटून गेली आहे, दंड भर." त्यानंतर नाना लायब्ररीत गेले नाहीत.

त्या दिवाळीत दिरांकडे सगळे जमलो होतो. मी स्वयंपाकघरात होते. खिडकीतून दिसलं, नाना मागच्या अंगणात गेले होते. ताडपत्री घातलेल्या चेतकपाशी थांबले, ताडपत्रीचा एक कोपरा उचलला, बघितलं, पुन्हा नीट खाली सोडला आणि आत येऊन बसले. कोणाला काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. २००९ साली नाना गेले, तोवर आमच्यात स्कूटरचा विषय पुन्हा निघाला नाही.

स्कूटर बंद करणं चूक नव्हतं, हे मी आजही म्हणेन. तो सायकलवाला कोणाचा तरी मुलगा होता. पण नानांना रोज दहाला एक रिक्षा सांगून ठेवायची, हे आम्हा तिघांपैकी कोणाच्याही डोक्यात आलं नाही. आम्ही फक्त स्कूटर काढून घेतली, आणि तिच्याबरोबर लायब्ररी, सुरसागरचा कट्टा, चार मित्र हे सगळंच काढून घेतलं. वर नानांना खोटंही सांगितलं.

म्हणून जामफळाच्या लारीनंतर मी दोन दिवस गप्प होते. मला लारीची भीती वाटली नव्हती, ताडपत्रीची वाटली होती.

तिसऱ्या दिवशी भाच्याला सांगितलं. तो तेवीस वर्षांचा आहे, अहमदाबादला नोकरी करतो आणि शनिवार-रविवारी आमच्याकडे असतो. त्यालाच का सांगितलं, तर घरात वेगावरून माझी सगळ्यात जास्त बोलणी त्यानेच खाल्ली आहेत. एक्सप्रेसवेवर तो एकशेतीसला गाडी नेतो आणि शेजारी बसलेली मी पायाखाली नसलेला ब्रेक दाबत असते. त्याने सगळं ऐकून घेतलं. हसला नाही. म्हणाला, "मावशी, तू हळू चालवतेस म्हणून मी कधी तुझी काळजीच केली नाही."

मग आम्ही दोघं कागद-पेन घेऊन बसलो. तो इंजिनियर आहे, आकडे त्याने मांडले. तुमच्यापैकी जे विशी-पंचविशीत आहेत, त्यांनी ते एकदा बघावेत.

धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत तरुण माणसाला एक सेकंद लागतो असं धरू, माझ्यासारखीला दीड. कोरडा रस्ता, चांगले ब्रेक. ताशी १०० किलोमीटरला गाडी त्या एका सेकंदात २८ मीटर जाते आणि ब्रेक लागल्यावर थांबायला आणखी सुमारे ५५ मीटर घेते. एकूण ८३. ताशी १३० ला त्या सेकंदात ३६ मीटर आणि नंतर सुमारे ९३. एकूण १२९. वेग तीसने वाढवला तर थांबायला ४६ मीटर जास्त लागतात, कारण ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. तरुणपणाचा तो अर्धा सेकंद १३० च्या वेगाला फक्त १८ मीटर वाचवतो. चपळाईची कमाई अठरा, वेगाचा खर्च शेहेचाळीस.

भाचा इथे थांबला आणि त्याने आणखी एक हिशेब केला. शंभरची गाडी ज्या जागी पूर्ण थांबते, त्याच जागी एकशेतीसची गाडी केवढ्या वेगात असेल? मला वाटलं वीस-तीस. उत्तर आलं, सुमारे नव्वद. त्याने ते दोनदा तपासलं. नंतर बराच वेळ तो कागदाकडे बघत बसला होता.

मग वाचलेल्या वेळेचा हिशेब मी मांडला, तो सोपा होता. एक्सप्रेसवे ९३ किलोमीटरचा. शंभरने ५६ मिनिटं, एकशेतीसने ४३. वाचली तेरा मिनिटं, आणि ती अहमदाबादच्या तोंडाशी गर्दीत जातात.

२०२२ साली आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली दहापैकी सात अतिवेगाच्या अपघातांत, आणि सुमारे दोन तृतीयांश १८ ते ४५ या वयातली. हे आकडे सरकारी अहवालातले आहेत. मी भाच्याला ते आधीही पाठवले होते. त्याने अंगठा दाखवला होता आणि सोडून दिलं होतं. आकडे बरोबर होते, पण पाठवणारी मी होते, आणि माझ्या बोलण्यात "आम्ही शहाणे, तुम्ही उनाड" हा सूर होता. त्या दिवशी मी आधी माझी लारी सांगितली, म्हणून त्याने स्वतःचा वेग कागदावर मांडला.

त्या कागदाच्या मागच्या बाजूला आम्ही आमचं ठरवलं. तो कागद आता गाडीच्या डॅशबोर्डाच्या कप्प्यात आहे. त्यात असं आहे:

माझ्याकडून: सूर्य मावळल्यावर मी गाडी चालवणार नाही, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत. दरवर्षी वाढदिवसाच्या आठवड्यात डोळे तपासून घेईन, लायसनची तारीख कधीची का असेना. गाडीला ओरखडा आला तर तो कसा आला ते त्याच दिवशी घरात सांगेन.

त्याच्याकडून: शेजारी किंवा मागे कोणीही बसलेलं असो किंवा नसो, फलकावर लिहिलेल्या मर्यादेच्या वर जाणार नाही. गाडीतल्या कोणाला भीती वाटली तर वाद न घालता वेग कमी करायचा. फोन मागच्या सीटवर.

शेवटचं कलम मी माझ्या हाताने लिहिलं. माझी गाडी कायमची बंद करायची वेळ येईल, तेव्हा मला समोर बसवून सांगायचं. किल्ली लपवायची नाही, गॅरेजचं नाव सांगायचं नाही. आणि सांगण्याच्या आधी मंगळवारचं भजन, शुक्रवारचा बाजार आणि कारेलीबागेतली बहीण, या तिन्हीकडे मी कशी जाणार याची सोय करून मग सांगायचं. मी चिडेन, रडेन, दिवा हिरवाच होता असंही म्हणेन. तरी सांगायचं.

तुमच्या घरातही एखादे नाना असतील. अंगावर नवे ओरखडे घेऊन गाडी घरी येत असेल, वळताना मान पूर्वीसारखी फिरत नसेल, ओळखीच्या रस्त्यावर चुकायला होत असेल, रात्रीचं जाणं टाळलं जात असेल. ही लक्षणं मुलांच्या आधी नातवंडांना दिसतात, कारण शेजारच्या सीटवर बहुतेक वेळा नातवंडं असतात. ती दिसली तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. पुष्कळदा चष्म्याचा नंबर किंवा मोतीबिंदू एवढंच असतं आणि पुढे आणखी कित्येक वर्षं दिवसाउजेडी सुखाने गाडी चालवता येते. सरसकट बंद करायची गरज नसते. रात्र बंद, हायवे बंद, पावसात बंद, असं एकेक करत जाता येतं. आणि हे बोलताना स्वतःच्या वेगाबद्दलही एक वाक्य बोला. माझा अनुभव असा, की ते वाक्य आधी आलं तर पुढचं ऐकलं जातं.

जामफळवाला मला पुन्हा भेटला. दिवसा गेले होते, त्याच वळणावर. दोन किलो घेतली. त्याने ओळखलं, लारी स्वतःच चार पावलं मागे घेतली आणि हसला. मीही हसले, पण घरी येईपर्यंत ते चार-पाच फूट काही डोळ्यांपुढून गेले नाहीत.

गेल्या रविवारी एका लग्नासाठी अहमदाबादला गेलो होतो. परतताना रात्र झाली, गाडी अर्थातच भाच्याने घेतली. काटा शंभरला एकदाही ओलांडून गेला नाही, निदान मी बघत होते तोवर तरी. कारण नडियाद कधी गेलं, आणंद कधी गेलं, मला कळलंच नाही. त्याच्या शेजारी बसून मी पहिल्यांदाच झोपले होते.